फिरत्या घरातला टीव्ही बदलताना

सपाट पडद्याचे टीव्ही बाजारात आले तेव्हा शहरांतील अनेक मराठी घरांत एक लहानशी अडचण उभी राहिली होती. जुन्या, खोलगट टीव्हीसाठी सुताराकडून मापाने करून घेतलेल्या शोकेसच्या कप्प्यात नवा, रुंद टीव्ही काही केल्या मावेना. बहुतेकांनी मग तो भिंतीवर टांगला आणि रिकाम्या कप्प्यात फुलदाणी ठेवून प्रश्न मिटविला. अमेरिकेतील रस्त्यांवर धावणाऱ्या ‘मोटरहोम’मध्ये मात्र ही अडचण इतक्या सहजासहजी सुटत नाही. तेथे भिंत पातळ असते, वीज बॅटरीतून येते आणि ज्या कपाटात टीव्ही बसवलेला असतो ते कपाट अनेकदा चालकाच्या डोक्यावरच असते.

मोटरहोम म्हणजे स्वयंपाकघर, शय्या, स्नानगृह आणि बैठक यांची सोय असलेले मोठे वाहन. आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने १९६६ पासून ही वाहने कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बांधावयास घेतली आणि पुढे इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हा परिसर या उद्योगाचे केंद्र बनला. अमेरिकेतील असंख्य निवृत्त दांपत्ये वर्षातील काही महिने, तर काही जण बाराही महिने अशा घरात राहतात. उत्तरेकडील थंडी टाळण्यासाठी हिवाळ्यात अ‍ॅरिझोना किंवा फ्लोरिडाकडे सरकणाऱ्या या मंडळींना तेथे ‘स्नोबर्ड’ म्हणतात. अशा वाहनाचा सांगाडा आणि इंजिन वीस-पंचवीस वर्षे सहज टिकते. त्यामुळे १९९० च्या दशकात किंवा २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बांधलेली कित्येक वाहने आजही वापरात आहेत आणि त्यांतील काहींमध्ये मूळचा काचेच्या नळीचा टीव्ही अजून तसाच बसलेला आहे.

बारा जून २००९ नंतर

हा जुना संच अजून चालू होतो, पण त्यावर दिसण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. अमेरिकेतील पूर्ण क्षमतेच्या दूरचित्रवाणी केंद्रांनी १२ जून २००९ रोजी आपले अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद केले. कमी क्षमतेच्या केंद्रांना दिलेली मुदतही जुलै २०२१ मध्ये संपली. जुन्या संचांना डिजिटल संदेश कळावेत म्हणून त्या काळी एक वेगळी पेटी मिळत असे. ती घेण्यासाठी सरकारने प्रत्येक कुटुंबाला चाळीस डॉलरची दोन कुपने देऊ केली होती. अनेक मोटरहोममध्ये ही पेटी जुन्या टीव्हीशेजारी चिकटपट्टीने अडकवलेली दिसते. काम भागते, परंतु रुंद चित्राला वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि आधीच लहान असलेला पडदा आणखी लहान भासतो.

टीव्ही बदलण्याची इच्छा होते ती बहुधा या कारणाने. पण मालक जेव्हा प्रत्यक्ष कामाला हात घालतो तेव्हा त्याच्या ध्यानात येते, की हा संच इतर उपकरणांसारखा आणून ठेवलेला नाही. वाहन बांधतानाच तो त्याचा एक भाग म्हणून बसवला गेला आहे. म्हणून दुकानात जाण्याआधी वाहनाची पाहणी करणे अगत्याचे ठरते.

मापाचे गणित

पहिला गोंधळ होतो तो इंचांचा. टीव्हीचे माप पडद्याच्या कर्णावर मोजतात. जुन्या पडद्याची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण ४ : ३ होते, नव्याचे १६ : ९ आहे. जुना २७ इंची पडदा सुमारे २१.६ इंच रुंद आणि १६.२ इंच उंच असे. त्याच रुंदीत बसणारा नवा पडदा जेमतेम २५ इंची असतो आणि त्याची उंची भरते अवघी बारा इंच. म्हणजे रुंदी तीच राहूनही चित्र बुटके होते आणि बातमीदाराचा चेहरा पूर्वीपेक्षा लहान दिसतो. जुन्या पडद्याइतकीच उंची हवी असेल तर नवा टीव्ही ३३ इंचांच्या आसपासचा लागतो आणि त्याला निदान २९ इंच रुंदीची मोकळी जागा हवी. कपाटाचा कोनाडा बहुधा तितका रुंद नसतो.

मग दोन मार्ग उरतात. कोनाड्यात मावेल एवढाच टीव्ही घेऊन उरलेली जागा लाकडी चौकटीने झाकायची, हा पहिला. कोनाडा बंद करून त्याच्या तोंडावर मोठा टीव्ही पुढून बसवायचा, हा दुसरा. दुसऱ्या मार्गाने पडदा मोठा मिळतो आणि मागील पोकळी सामान ठेवण्यास उपयोगी पडते. मात्र टीव्ही पुढे आल्याने शेजारच्या कपाटांची दारे उघडतील का, चालकाच्या आसनावरून उठताना डोके आपटेल का आणि समोरच्या काचेचा पडदा पूर्वीसारखा सरकेल का, हे आधी पुठ्ठ्याचा तुकडा त्या मापाने कापून तपासून घेतलेले बरे.

पडद्याची जातही पाहावी लागते. छताजवळ बसवलेल्या टीव्हीकडे प्रेक्षक खालून पाहतो. स्वस्तातील काही एलसीडी पडदे खालून पाहिल्यास काळवंडतात आणि चेहऱ्यांचे रंग उलटेपालटे दिसू लागतात. ‘आयपीएस’ प्रकारच्या पडद्यात हा दोष बराच कमी असतो. दुकानात टीव्ही पाहताना गुडघ्यांवर बसून वर पाहण्याचा संकोच करू नये, तो सल्ला हास्यास्पद वाटला तरी उपयोगाचा आहे.

वजन आणि आधार

जुना २७ इंची संच चाळीस किलोच्या आसपास भरतो, नवा ३२ इंची पाच-सहा किलोंचा असतो. त्यामुळे नवा बसवणे सोपे आणि जुना उतरवणे कठीण. तो बहुतेक वेळा फळीवर ठेवून धातूच्या पट्टीने आवळलेला आणि पुढून लाकडी चौकटीने झाकलेला असतो. चौकट काढली आणि पट्टी सैल केली की सारा भार हातांवर येतो, तोही खांद्याच्या वर. हे काम एकट्याने करण्याचे नव्हे. संचाचे मागील आवरण तर उघडूच नये. काचेच्या नळीला वीस ते तीस हजार व्होल्टचा दाब दिला जातो आणि वीज तोडल्यानंतरही त्यातील भार काही काळ टिकून राहू शकतो.

नवा संच हलका आहे म्हणून तो कशालाही टांगता येतो, ही समजूतही धोक्याची आहे. मोटरहोमच्या आतील भिंतीवरचा प्लायवूड पुष्कळदा केवळ तीन मिलिमीटर जाडीचा असतो. घरच्या भिंतीसारखा खिळा तेथे धरत नाही. खड्ड्यांतून जाताना वाहनाची प्रत्येक वस्तू वर-खाली आदळते आणि पुढे काढलेल्या लांब दांड्यावर टीव्ही असेल तर त्या हिसक्याचा ताण कित्येक पटींनी वाढतो. म्हणून जाणकार कारागीर कोनाड्याच्या दोन्ही भक्कम बाजूंना जोडणारी अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडची आडवी फळी आधी बसवतात आणि टीव्हीचा कंस त्या फळीला बोल्टने आवळतात. टीव्हीच्या पाठीवरील छिद्रांचे अंतर ठरावीक असते. लहान संचांत ते ७५ किंवा १०० मिलिमीटर, मोठ्यांत बहुधा २०० मिलिमीटर असते. कंस त्यानुसार घ्यावा, तसेच प्रवासात टीव्ही हलू नये म्हणून कळ अथवा पट्टा असलेला घ्यावा. खालच्या आसनांवर माणसे बसणार आहेत, हे लक्षात ठेवले की या कामात काटकसर करण्याचा मोह होत नाही.

बॅटरीचा हिशेब

मोटरहोम मुक्कामाच्या तळावर उभे असते तेव्हा खांबावरून १२० व्होल्टचा पुरवठा मिळतो. रानावनात उभे असताना भिस्त असते ती जनित्रावर किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीवर. येथे नव्या टीव्हीचा खरा फायदा दिसून येतो. शंभर वॅटचा जुना संच चार तास चालला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेहतीस अँपिअर-तास खर्ची पडतात, इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वेगळी. शंभर अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीचा निम्माच साठा वापरावा, हा नियम पाळणाऱ्याची एका संध्याकाळी दोनतृतीयांश शिल्लक संपते. चाळीस वॅटचा नवा संच तेवढ्याच वेळात साडेतेरा अँपिअर-तासांच्या आत भागवतो. दिवे, पाण्याचा पंप आणि थंडीत उष्ण हवा फेकणारा पंखा यांच्यासाठी वीज उरते.

थेट १२ व्होल्टवर चालणारे टीव्ही मिळतात आणि त्यांना इन्व्हर्टर लागत नाही. मात्र ‘१२ व्होल्टची’ बॅटरी नेहमी बाराच व्होल्ट देत नाही. भारित होत असताना तिचा दाब चौदापलीकडे जातो, उतरत आली की बाराखाली येतो. वाहनांसाठी बनवलेले संच हा चढउतार सोसतात. घरगुती टीव्हीचा अ‍ॅडॅप्टर काढून त्याची तार सरळ बॅटरीला जोडणाऱ्यांचे संच मात्र अकाली निकामी होण्याची शक्यता असते. तसे करायचेच असेल तर मध्ये दाब स्थिर ठेवणारे उपकरण आणि योग्य क्षमतेचा फ्यूज हवा.

छतावरची अँटेना

जुन्या मोटरहोमच्या छतावर वटवाघळाच्या पंखांसारखी दिसणारी, घडी घालता येणारी अँटेना असते. आतून एक दांडा फिरवला की ती उभी राहते. डिजिटल प्रक्षेपणासाठी ही अँटेना फेकून नवी ‘डिजिटल’ अँटेना घ्यावी लागते, असा एक समज आहे. तो खरा नाही. लहरी त्याच प्रकारच्या आहेत, बदलली आहे ती त्यांवरून पाठवलेल्या चित्राची भाषा. अँटेनेतील संदेशवर्धकाला त्याच केबलमधून १२ व्होल्टचा पुरवठा होतो आणि त्याचे बारीक बटण टीव्हीजवळच्या पट्टीवर असते. ते बंद राहिल्यामुळे नवा टीव्ही सदोष ठरवून परत केल्याची उदाहरणे घडू शकतात, म्हणून पहिली तपासणी त्या बटणाची करावी. तळावरील केबल जोडल्यावर मात्र ते बंद ठेवायचे असते.

अ‍ॅनालॉगच्या काळी संदेश क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत आणि अँटेना फिरवता फिरवता चित्र निवळत असे. डिजिटलमध्ये मुंग्या येत नाहीत. चित्र एकतर स्वच्छ दिसते किंवा तुकडे पडून नाहीसे होते. त्यामुळे प्रत्येक नव्या मुक्कामी अँटेना थोडी फिरवून वाहिन्यांचा शोध टीव्हीला पुन्हा घ्यायला लावावा लागतो. निघताना ती खाली घेण्यास विसरल्यास झाडाची फांदी तिचा निकाल लावते. अनेक जण यासाठी चालकासमोर आठवणीची चिठ्ठी अडकवतात.

स्टारलिंकने २०२२ मध्ये अशा वाहनांसाठी उपग्रह इंटरनेटची सेवा सुरू केली, मोबाइलचे जाळेही पसरले आहे. तेव्हा अँटेनेची गरज काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर अमेरिकेच्या हवामानात आहे. मध्य आणि दक्षिणेकडील राज्यांत चक्रीवादळी भोवरे, म्हणजे ‘टॉर्नेडो’, अल्पावधीत उठतात आणि मोटरहोम हा त्यांत सुरक्षित निवारा नव्हे. कोणत्या काउंटीत वादळ शिरले आणि ते कोठे सरकते आहे, हे स्थानिक केंद्रे नकाशासह सांगतात. परगावच्या माणसाला तो नकाशा फार मोलाचा असतो. मोबाइलचा संकेत नसलेल्या तळावर अँटेना आणि हवामान रेडिओ ही दोन साधने हाताशी असणे शहाणपणाचे आहे.

न तोडण्याची तार

जुन्या संचामागच्या तारांत एक तार अशी असू शकते, की जिचा उपयोग चटकन कळत नाही. इंजिनाची किल्ली फिरवली की पुढचा टीव्ही आपोआप बंद व्हावा, अशी योजना पुष्कळ मोटरहोममध्ये केलेली असे. गाडी चालवताना चालकाला चालू पडदा दिसू नये, असा कायदा कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत आहे. नवा टीव्ही बसवताना ही अडचणीची तार म्हणून काढून टाकण्याचा मोह होतो. तसे न करता नव्या संचाचा पुरवठाही तिच्यातूनच घ्यावा.

उतरवलेला संच कचऱ्यात टाकता येत नाही. त्याच्या नळीच्या मागील, नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिसे मोठ्या प्रमाणात असते. कॅलिफोर्नियाने २००३ मध्येच अशा संचांच्या पुनर्प्रक्रियेसाठी कायदा केला. वाहन ज्या गावी उभे आहे तेथील ई-कचरा संकलन केंद्राची चौकशी काम सुरू करण्यापूर्वीच केली, तर चाळीस किलोंचे ओझे पुढच्या मुक्कामापर्यंत वाहावे लागत नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. आपल्याकडे अशी वाहने बांधू पाहणाऱ्यांनी अमेरिकेतील या रिकाम्या कोनाड्यांकडे एकदा पाहण्यासारखे आहे. वाहन पंचवीस वर्षे चालते, त्यातील टीव्ही दहा वर्षेही जुना होण्याआधी कालबाह्य ठरतो. मागील तारांपर्यंत हात पोहोचेल असे उघडणारे दार, जाड प्लायवूडची एक आडवी फळी आणि पडद्याच्या चोहोबाजूंनी सोडलेली थोडी जागा, एवढी तजवीज बांधतानाच केली तर पुढल्या मालकाला करवत हाती घ्यावी लागणार नाही. आणि ज्याने आज नवा टीव्ही बसवला आहे त्याने पहिला शे-दोनशे किलोमीटरचा प्रवास झाला, की वाहन थांबवून कंसाचे बोल्ट पुन्हा एकदा आवळून पाहावेत.