एका कामाला एक नाव

संगणकाच्या प्रोग्रॅमविषयी कामगार संघटनेच्या माणसाने पालमला येऊन बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मी महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. शिकलो तो पगारपत्रके वाचून. आता ती पत्रके संगणक तयार करतो. तेव्हा त्यातला हिशोब कसा मांडला आहे, हे विचारणे मला भागच पडले.

एक अनुभव सांगतो. एका कारखान्यातील कामगाराने १९ वर्षे ७ महिने नोकरी करून राजीनामा दिला. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून महिना १३,००० रुपये. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याची रीत अशी होती : पगाराला २६ ने भागावे, १५ ने गुणावे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणावे. शेवटचे सहा महिन्यांहून अधिक असतील, तर पूर्ण वर्ष धरावे. म्हणजे २० वर्षांचे १,५०,००० रुपये. हाती आले १,४२,५००. कचेरीत उत्तर मिळाले, "संगणक चुकत नाही."

संगणकाने सांगितले तेवढेच केले होते. सांगणाराच चुकला होता. प्रोग्रॅममधील एका कामाच्या तुकड्याला 'मेथड' म्हणतात. इथे पगार, रजा, कपात, ग्रॅच्युइटी हे सारे एकाच मेथडमध्ये, कित्येक पाने, सलग कोंबलेले होते. ते वाचण्याचे धाडस कोणी करीना.

एका तरुण प्रोग्रॅमरने ते काम हाती घेतले. अमेरिकेत विल्यम ओपडाइक यांनी १९९२ साली या विषयावर प्रबंध लिहिला. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या ग्रंथाने ती रीत जगभर गेली. तिला 'रिफॅक्टरिंग' म्हणतात : उत्तर न बदलता मांडणी सुधारणे. प्रथम त्याने जुन्या प्रोग्रॅमची उत्तरे, बरी-वाईट जशीच्या तशी, टिपून ठेवली. मग एकेक तुकडा बाहेर काढून त्याला नाव दिले : 'रोजचा पगार', 'नोकरीची वर्षे'. प्रत्येक तुकड्याला काय द्यावयाचे व त्याने काय परत करावयाचे, हे ठरविले. दर पावलाला उत्तरे ताडून पाहिली.

अशा रीतीने मांडल्यावर दिसले, की नोकरीची वर्षे दोन ठिकाणी मोजली जात होती. निवृत्त होणाऱ्यांसाठी महिने धरले होते. राजीनामा देणाऱ्यांसाठी सोडून दिले होते. कायद्यात असा भेद नव्हता. मांडणी पुरी झाल्यावर चूक वेगळी दुरुस्त केली, आणि कामगाराला उरलेले साडेसात हजार मिळाले.

मात्र तुकडे करावयाचे म्हणून करू नयेत. दर ओळीची मेथड केली, तर वाचणारा पाने उलटूनच दमेल. ज्या कामाला नेमके नाव देता येते, तेच वेगळे काढावे.

आज मजुरी, पीकविमा, रेशन यांचे हिशोब संगणकावर होतात. आपल्या रकमेत शंका आली, तर नुसता आकडा घेऊन परतू नका. पायरी-पायरीने हिशोब मागा. तो सांगता येत नसेल, तर मांडणीत दोष आहे असे खुशाल समजा.