नजरेची वाटणी : फिरत्या कॅमेऱ्यांची नेमणूक

डावी-उजवीकडे वळणारा, वर-खाली कलणारा आणि दूरचे दृश्य जवळ आणणारा टेहळणी कॅमेरा एखाद्या माणसाचा चेहरा टिपण्यासाठी झूम करतो, तेव्हा त्याचे दृष्टिक्षेत्र आक्रसते आणि आसपासचा परिसर नजरेआड होतो. त्यामुळे हलती लक्ष्ये अनेक आणि कॅमेरे मोजके असले, की कोणता कॅमेरा कोणामागे लावायचा याबरोबरच कोणाला काही काळ सोडून द्यायचे, हेही ठरवावे लागते.

या प्रश्नाला हात घालणारा एक महत्त्वाचा प्रयोग म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेच्या अर्थसाहाय्याने 1997 साली सुरू झालेला ‘व्हीसॅम’ प्रकल्प होय. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने सार्नॉफ कॉर्पोरेशनच्या सहकार्याने उभारलेल्या या यंत्रणेत, विस्तीर्ण परिसरावर एकाच माणसाला लक्ष ठेवता यावे, हा हेतू होता. कॅमेऱ्याला जोडलेला संगणक चित्रातील हलती वस्तू वेगळी काढी, ती माणूस आहे की वाहन हे ओळखी आणि दृष्टिरेषा भूप्रदेशाच्या नकाशावर जिथे टेकते, ते ठिकाण मध्यवर्ती कक्षाला कळवी. कामाचा अग्रक्रम, यंत्रावरील भार आणि लक्ष्याची दृश्यता यांवरून तो कक्ष प्रत्येक संभाव्य जोडीची ‘किंमत’ काढी व ‘हावऱ्या’ पद्धतीने, म्हणजे त्या क्षणी सर्वांत फायदेशीर दिसेल ती जोडी आधी उचलत, कामे वाटून देई.

ही पद्धत झटपट असली तरी फसू शकते. समजा, पहिल्या कॅमेऱ्याला दोन लक्ष्यांसाठी अनुक्रमे 9 व 8 गुण आहेत, तर दुसऱ्याला 7 व 1. हावरी निवड 9 आधी घेते, मग उरलेला 1 पत्करते आणि बेरीज 10 होते. उलट पहिल्याने एका गुणावर पाणी सोडले, तर 8 आणि 7 मिळून 15 होतात. अशी सर्वोत्तम वाटणी सर्व शक्यता न तपासता शोधणारी रीत हॅरल्ड कून यांनी 1955 साली मांडली आणि केनिग व एगेरवारी या हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती आधारलेली असल्याने तिला ‘हंगेरियन पद्धत’ असे नाव दिले.

मात्र लक्ष्ये थांबून राहत नाहीत. म्हणून रुडॉल्फ कालमन यांच्या 1960 सालच्या गाळणीसारख्या, म्हणजे सदोष मोजमापांतून स्थान व वेग यांचा अंदाज बांधणाऱ्या, गणिती साधनाने पुढची जागा आधीच वर्तवावी लागते आणि कॅमेरा वळवण्यात जाणारा वेळही किमतीत धरावा लागतो. अन्यथा गुणांतील किरकोळ फरकापायी कॅमेरे सतत लक्ष्ये बदलत राहतात आणि कोणाचाच माग धड लागत नाही. शिवाय कमी अग्रक्रमाचे लक्ष्य कायमचे दुर्लक्षित राहू नये, म्हणून त्याच्याकडे शेवटचे पाहिल्याला जितका वेळ लोटेल, तितके त्याचे वजन वाढवत नेणे हा एक सोयीचा उपाय ठरतो.