फाईलचं शेपूट उलटं



नातवंडांचे फोटो, बँकेचे कागद, लग्नाची आमंत्रणं, सगळं ईमेलने येतं. पण मेलला जोडलेली फाईल बाहेरून एक आणि आतून दुसरीच असली तर? आजी-आजोबांनी आणि बालमित्रांनीही हे समजून घ्यावं, म्हणून आम्ही हा लेख देत आहोत.

शारजाच्या किनाऱ्यावर १९९५ साली स्थापन झालेला हमरिया फ्री झोन आहे. तिथे कारखाने, गोदामं आणि बंदर आहे. अशा ठिकाणी ऑफिसातला माणूस रोज अनोळखी लोकांची बिलं उघडतो. ते त्याचं कामच. चोरांना हेच हवं असतं. जून २०१६ मध्ये अमिरातीतल्या आणि इतर देशांतल्या औद्योगिक कंपन्यांना एमिरेट्स एनबीडी बँकेच्या नावाने खोट्या मेल गेल्या. बँकेचा त्यात हात नव्हता. जोडलेली फाईल पैसे पाठवल्याची सूचना वाटे. उघडली की आतला प्रोग्राम टाईप केलेली अक्षरं आणि मेलचे पासवर्ड चोरी. कॅस्परस्की कंपनीने याला ‘ऑपरेशन घूल’ नाव दिलं. ३० देशांतल्या १३० हून अधिक संस्था त्यात सापडल्या.

फाईलच्या नावाचं शेपूट, म्हणजे शेवटच्या टिंबापुढची अक्षरं, तिचा प्रकार सांगतं. पीडीएफ म्हणजे कागद, ईएक्सई म्हणजे प्रोग्राम. पण विंडोज ओळखीचं शेपूट सहसा लपवून ठेवतं. मे २००० मधल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसने हाच फायदा घेतला: ‘टीएक्सटी’ दिसे, त्यामागचं ‘व्हीबीएस’ दिसत नसे.

दुसरी युक्ती आपल्या लगेच ध्यानात येईल. मराठी डावीकडून लिहितात, हिब्रू आणि अरबी उजवीकडून. दोन्ही एका ओळीत नीट बसाव्यात म्हणून कॉम्प्युटरमध्ये न दिसणाऱ्या खुणा असतात. चोर त्यातली एक नावात घुसवतो. मग पुढची अक्षरं उलटी दिसतात. खरं शेपूट ‘ईएक्सई’ आत सरकतं आणि शेवटी ‘पीडीएफ’ दिसतं!

मग करायचं काय? बालमित्रांनो, आजोबांच्या कॉम्प्युटरवर लपलेली शेपटं दिसतील अशी सोय करून द्या. ‘टाईप’च्या रकान्यात ‘ॲप्लिकेशन’ लिहिलं असेल, तर तो कागद नव्हे. आणि आजी-आजोबा, न मागितलेली फाईल आली तर आधी फोन करा. मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्या डायरीतल्या नंबरवर. पैसे आल्याची बातमी दहा मिनिटं उशिरा कळली तर काही बिघडत नाही.