दिव्यांग मूल, घर आणि शेजार

दिव्यांग मुलाचे संगोपन हा आधी वेळेचा आणि हातांचा प्रश्न असतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला भरवणे, आंघोळ घालणे, व्यायाम देणे, उचलून शौचालयात नेणे यात दिवसाचे कित्येक तास जातात. मूल मोठे होते तसे त्याचे वजन वाढते आणि आईची ताकद कमी होते. बहुतेक घरांत हे काम एकट्या आईवर पडते. तिची नोकरी सुटते, झोप तुटते, लग्नकार्यांना जाणे बंद होते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. यांतल्या मुलांच्या घरी हळहळ व्यक्त करायला पुष्कळ लोक येतात, कामाचा वाटा उचलणारे फार थोडे. समाजाचा आधार मोजायचा तो या वाट्यावरूनच.

पहिला वाटा निदानाच्या वेळचा. बाळ मान धरत नाही, हाकेला वळत नाही, दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हे सर्वांत आधी आईच्या लक्षात येते. पण ‘याचा बापही उशिराच बोलला’ असे म्हणून घरातली मोठी माणसे धीर देतात आणि उपचारांचा सर्वांत मोलाचा काळ निघून जातो. दुसरीकडे गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, मागच्या जन्मीचे पाप, असे दोषही त्या आईच्याच माथी मारले जातात. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरत्या वैद्यकीय पथकाने अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करायची असते. विकासात मागे पडलेले मूल आढळले की त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. पथक येते आणि जाते. गावात राहतात त्या अंगणवाडी सेविका आणि आशाताई. सासूला समजावणे, तालुक्याला जायची तारीख लक्षात आणून देणे हे त्यांच्याकडून होते तेव्हाच तपासणीचा उपयोग होतो.

निदानानंतर मुलाला थेरपी हवी असते आणि थेरपिस्ट बहुतेक मोठ्या शहरांत असतात. यावरचा एक मार्ग गोव्यात तपासून पाहिला गेला. ‘संगाथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील गट यांनी स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी एक प्रशिक्षण पद्धत वापरली. पालक मुलाशी खेळत असतानाचे चित्रीकरण करायचे आणि नंतर पालकासोबत बसून ते पाहायचे. मूल कशाकडे बघते, कुठल्या क्षणी संवादाची सुरुवात करू पाहते आणि त्याला प्रतिसाद कसा द्यायचा, हे पालक त्यातून शिकतो. शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण घेतलेले सामान्य आरोग्य कार्यकर्ते होते. ६५ मुलांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने होऊ लागला आणि मुलेही स्वतःहून अधिक संवाद साधू लागली, असे त्यात दिसले. तज्ज्ञांची वाट पाहत बसलेल्या गावांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

सर्वांत भक्कम आधार मात्र पालकांनीच पालकांना दिला आहे. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ मध्ये वकील दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी घरातच सुरू केली. मिठू अलूर यांनी मुलगी मालिनी हिच्या अनुभवातून १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी उभी केली. दिल्लीत मेरी बरुआ यांनी स्वमग्न मुलाच्या संगोपनातून १९९१ मध्ये ‘अॅक्शन फॉर ऑटिझम’चे काम सुरू केले. १९९५ मध्ये देशभरच्या पालक संघटना ‘परिवार’ या महासंघात एकत्र आल्या. बदलापूरचे ‘आधार’ आणि डोंबिवलीजवळ खोणी येथील ‘घरकुल’ हीसुद्धा पालकांच्याच पुढाकारातून उभी राहिलेली निवासी केंद्रे. पालक संघात मिळणारी माहिती कुठल्याही पत्रकात नसते. फिट आल्यावर काय करायचे, वयात आलेल्या मुलीला पाळीच्या दिवसांत कसे सांभाळायचे, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलात कोणत्या वारी जायचे, हे आधी त्या वाटेने गेलेली आईच सांगू शकते. आणि तिच्यापुढे रडायला संकोच वाटत नाही.

शेजाऱ्यांकडून लागणारी मदत त्यामानाने साधी असते: आठवड्यातून दोन तास मुलाजवळ बसणे, सोसायटीत व्हीलचेअरसाठी उतार करणे, वाढदिवसाला त्यालाही बोलावणे. त्याच्या धडधाकट भावंडाकडे लक्ष देणारा काका किंवा मावशी असणेही तितकेच महत्त्वाचे, कारण ते मूल अनेकदा न बोलता मागे राहते.

कायद्याने काही दारे उघडली आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार २१ केले आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्याआधीच्या, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता येतात. या व्यक्तींसाठीच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा असून त्यात थेरपीचा खर्चही धरला आहे.

अठरा वर्षांनंतर शाळा संपते आणि घरातला जुना प्रश्न समोर येतो: आमच्यानंतर याचे काय? मूल सज्ञान झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्वही संपते. राष्ट्रीय न्यास कायद्यात येणाऱ्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमायचा असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. नेमलेल्या पालकाकडे मालमत्ता सोपवली असेल, तर सहा महिन्यांत तिची यादी आणि दरवर्षी हिशेब देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. तो हयगय करत असेल किंवा पैसा खात असेल, तर त्याला काढण्याचा अर्ज नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था करू शकते. म्हणून अनुभवी पालक संघ आईवडिलांना हा अर्ज हातपाय चालत असतानाच करायला सांगतात आणि पालक म्हणून पुतण्या किंवा भाची नेमली, तरी मुलाची ओळख आपल्या संस्थेशी लहानपणापासून करून द्यायला सांगतात.