शेवाळाची जाळी

चिंचवडला समुद्र कुठला? पण लेकाच्या हट्टापायी खाऱ्या पाण्याची टाकी घरात आली. दोन महिन्यांत पाणी बिघडलं, काच हिरवीगार झाली. एक क्लाउन फिश दगावला, तेव्हा लेक जेवलाच नाही.

कारण पवनेत जलपर्णी माजते तेच! उरलेलं खाणं, माशांची घाण यातून नायट्रेट, फॉस्फेट वाढतं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास यावर शेवाळाचाच उपाय शोधला. मीही तो घरी केला.

लोकरीच्या भरतकामाची प्लास्टिकची जाळी करवतीच्या पात्याने खरखरीत केली. पीव्हीसी पाइपला चीर पाडून तीत अडकवली. छोट्या पंपाने चढवलेलं पाणी जाळीवरून ओघळत पुन्हा टाकीत. शेजारी दिवा, वायर मात्र पाण्यापासून लांब हं!

काही आठवड्यांत जाळीवर शेवाळ धरलं. आता दर आठवड्याला जाळी काढून नळाखाली खरवडते. थोडं मुद्दाम ठेवते, म्हणजे पुन्हा वाढतं. खारट असल्यानं कुंडीत मात्र टाकत नाही.

काच आता बरीच स्वच्छ राहते. लेक शाळेतून आला की आधी उरलेल्या माशाकडे, मग माझ्याकडे!