बिल कुणी द्यायचं?

मराठी मध्यमवर्गीय घरात ‘आज बाहेर जेवूया’ हे वाक्य तसं उशिराच आलं. त्याआधी बाहेरचं खाणं म्हणजे पोट बिघडवून घेणं. मॅट्रिकचा निकाल लागला, पाहुणे आले, तर फार तर इराण्याकडे बनमस्का किंवा उडुप्याकडे मसाला डोसा. पण जेवायला हॉटेलात? घर असताना? खाणावळ ही ज्याचं घर गावाला राहिलं, त्याच्यासाठी. तिथं जाणाऱ्या माणसाकडे आमच्या आया थोड्या कणवेनंच पाहायच्या.

अशा खाणावळी लालबाग-परळमध्ये गल्लोगल्ली होत्या. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार पाळीनुसार जेवायला येत. चाळीतल्या एका खोलीत एखादी बाई पंधरा-वीस जणांचं रांधायची. हिशेब महिन्याचा, वहीत लिहिलेला. पगार झाला की पैसे. गिरणी बंद पडली, संप झाला, तर वहीतला आकडा वाढत जाई. पण ताट बंद होत नसे. त्या उधारीपायी या बायका सावकाराच्या कचाट्यात सापडत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र आणून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवलं.

मी बँकेत लागलो तेव्हा गिरणी संपाला वर्ष होत आलं होतं. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले असंख्य पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. कर्ज देताना आम्ही तारण विचारायचो. खाणावळवालीकडे तारण काय असणार? जेवणाऱ्यांच्या नावांची वही! माणसाच्या शब्दावर चाललेला इतका मोठा उधारीचा व्यवहार मी पुढच्या सगळ्या नोकरीत पाहिला नाही.

आता त्याच गिरण्यांच्या आवारात शहरातली सर्वांत झगमगती हॉटेलं आहेत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एकेक हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. मग जिथं भोंगा वाजायचा तिथं संगीत वाजू लागलं. जुन्या विटांच्या भिंती मुद्दाम उघड्या ठेवलेल्या. गंजके पत्रे, लोखंडी तुळया. दारिद्र्याच्या खुणा सजावटीला उपयोगी पडतात, हे मला तिथंच कळलं.

गेल्या वर्षी आम्ही पाच जुने मित्र अशाच एका ठिकाणी जमलो. जागा एकाच्या मुलीने सुचवली होती. मेनूकार्ड नव्हतं, टेबलावरचा चौकोनी ठिपक्यांचा शिक्का मोबाइलला दाखवायचा. मिसळ काचेच्या बरणीत आली, ठेचा लोण्यात मिसळून आला. पाणी साधं की बाटलीतलं, असं विचारताना वेटरचा चेहरा असा, की ‘साधं’ म्हणायला धैर्य लागावं. आवाज एवढा, की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. तरी मजा येत होती. चाळीस वर्षांचं हसू आवाजाला दाद देत नाही.

आमच्यातला एक जण मात्र म्हणाला, “रात्री मी हलकंच खातो रे,” आणि त्याने फक्त सूप घेतलं. आयुष्यभर त्याने एका छापखान्यात मुद्रितं तपासली. अशा खासगी नोकरीतल्या माणसाचं पेन्शन कसलं असतं, हे आम्हा बँकवाल्यांना ऐकून माहीत. २०१४ मध्ये सरकारने या योजनेचं किमान पेन्शन ठरवलं, ते दरमहा १००० रुपये!

बिल आलं. पदार्थांचे ८,००० रुपये. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क ८००. या ८,८०० वर पाच टक्के जीएसटी ४४०. एकूण ९,२४०. पाचांत भागा: माणशी १,८४८. तिघांनी मोबाइल काढले, मी कार्ड. सूप प्यायलेल्या मित्राने खिशातून पाकीट काढलं, चार घड्या पडलेल्या नोटा मोजल्या आणि म्हणाला, “हिशेब चोख असावा.” पैसे तो घरूनच मोजून घेऊन आला होता.

सेवाशुल्काबद्दल वाचकांनी एक लक्षात ठेवावं. ते आपोआप बिलात लावू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती सूचना योग्य ठरवली. तेव्हा ‘हे काढा’ म्हणायला संकोच नको. सेवा आवडली तर वेटरच्या हातात द्यावं. आणि गच्चीवर किंवा बंदिस्त जागी बसताना बाहेर पडायचा जिना कुठे आहे, तेवढं पाहून ठेवावं. कमला मिल्सच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला.

पण सेवाशुल्क काढून सुटतो तो आठशेचा प्रश्न. सूप पिणाऱ्याचा प्रश्न तसाच राहतो. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा ठरवलं, तेव्हा तो आला नाही. गुडघा दुखतोय, म्हणाला. त्याच्यापुढच्या महिन्यात दाताचं निघालं.

तरुण मुलांनी यावर ‘टीटीएमएम’ काढलं आहे: तुझं तू, माझं मी. व्यवहार म्हणून ते स्वच्छ आहे. पण साठीच्या पुढे ‘तू किती खाल्लंस’ हे मोजायला बसलं, की मैत्रीत बँकेचा काउंटर येतो. बरं, ‘तुझं मी देतो’ म्हणावं, तर ज्याने आयुष्यभर कुणाचं पान खाल्लं नाही, त्याचं मन दुखवायचं. उपकार करणाऱ्याला सोपा असतो, घेणाऱ्याला जड.

आमच्यातल्या एका शहाण्या मित्राने मार्ग काढला. तो त्याला फोन करून म्हणाला, “या वेळची जागा तू ठरव. तुला चवीतलं कळतं.” त्याने माटुंग्याचं जुनं उडुपी निवडलं. केळीचं पान, गरम भात, रसम, आणि पाठीमागे आपली जागा कधी रिकामी होते याची वाट पाहणारी माणसं. त्या दिवशी गुडघा दुखला नाही. तो दोनदा भात मागून जेवला आणि पाचही जणांचं बिल त्यानेच दिलं. कुणी अडवलं नाही. अडवायचं नसतं.

बाहेर जेवणं ही आता चैन राहिली नाही, रीत झाली आहे. नव्या जागा पाहाव्यात, नवे पदार्थ चाखावेत. त्यात वावगं काही नाही. पण मित्रांची जागा ठरवताना मोठा खिसा कुणाचा, हे पाहू नये. सगळ्यांत लहान खिसा ज्याचा, त्याला ताठ मानेनं बसता येईल, अशी जागा शोधावी. परळच्या त्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. पण त्यांच्या खाणावळीत उधारीवाल्यालाही ताट तेच मिळे, आणि वाढणारा हातही तोच असे.