एकोणीस वर्षांचा पोरगा आणि एकशे आठ वर्षांची वाट

आपल्याकडचा एक गुणी मुलगा दुसऱ्याला देऊन टाकावा आणि मग पुढची नऊ वर्षे ‘दिला ते बरे केले की वाईट?’ याचा खल करीत बसावे, असा प्रकार मी शिकागोत पाहिला. वाचकहो, दचकू नका. मुलगा कोणाच्या पोटचा नव्हता. तो बेसबॉलचा खेळाडू होता. पण भांडणाचा आवेश असा, की दत्तकविधानाच्या दाव्यातही इतका नसेल.

२०२५ च्या उन्हाळ्यात मी माझ्या थोरल्या बहिणीकडे शिकागोला सहा आठवडे होतो. दाजींना तिथे जाऊन तीस वर्षे उलटून गेली. शहराच्या दक्षिण भागातला ‘व्हाइट सॉक्स’ हा संघ दाजींचा, आणि उत्तरेकडचा ‘कब्स’ हा माझ्या भाच्याचा. घर एक, पंथ दोन. पंढरपूर आणि आळंदी यांत भांडण नाही, पण यांच्यात आहे. क्रिकेटवर पोसलेल्या मला दोन्ही सारखेच अगम्य होते.

२८ जुलैला बातमी आली की कब्सचा जुना नामवंत खेळाडू रायन सँडबर्ग गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचे एक वृद्ध अमेरिकन गृहस्थ आमच्या पायरीवर येऊन बसले. वय पंच्याहत्तरीच्या घरात, अंगात सँडबर्गचा २३ आकड्याचा विटका सदरा. ताईने चहा केला. गृहस्थ म्हणाले, “तो आम्हांला जवळजवळ फुकट मिळाला होता हो!” आणि एवढ्या एका वाक्यावरून ती संध्याकाळ पेटली.

पुढचे समजण्यासाठी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. बेसबॉलच्या मैदानावर दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्याच्या मध्ये जो क्षेत्ररक्षक उभा असतो त्याला ‘शॉर्टस्टॉप’ म्हणतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका बहुधा तिकडेच जातो. आपल्या मिडविकेटसारखी ती जागा. पाय चपळ हवेत, हात भक्कम हवा, डोके थंड हवे. म्हणून मुलांच्या खेळात सर्वांत हुशार पोराला तिथे उभे करतात. दुसरी गोष्ट ‘ट्रेड’ची. तिथे एक संघ आपला खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन त्याच्या बदल्यात दुसरा खेळाडू घेतो. त्या खेळाडूला बहुधा कोणी विचारीत नाही. सकाळी एका गावचा, संध्याकाळी दुसऱ्या गावचा. आपल्याकडच्या साटेलोट्यात निदान अक्षता तरी पडतात, इथे तेवढेही नाही.

सँडबर्ग हा असाच आलेला. फिलाडेल्फियाच्या संघाने १९७८ साली त्याला शॉर्टस्टॉप म्हणूनच निवडले होते. जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी आपला मुरलेला शॉर्टस्टॉप लॅरी बोवा शिकागोला दिला, शिकागोचा शॉर्टस्टॉप इव्हान डीहेसूस घेतला, आणि वरताव्यात बावीस वर्षांचा हा पोरगा दिला. भाजीवाली मेथीच्या जुडीवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते तसा. शिकागोने त्याला दुसऱ्या थांब्यावर उभे केले. १९८४ साली तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २००५ मध्ये त्याला बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले.

“हे तुम्ही घेतलंत ते सांगता,” दाजी म्हणाले, “आम्ही दिलं ते कोणाला सांगायचं?”

दाजींचे दुःख खोल आहे. त्यांच्या संघाने २००५ साली विश्वमालिका जिंकली, तीही अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. आणि २०२४ साली त्याच संघाने एका मोसमात १२१ सामने गमावले. पण दाजींच्या मते पापाची सुरुवात त्याआधीची, ४ जून २०१६ ची. त्या मोसमात संघाने पहिल्या ३३ सामन्यांपैकी २३ जिंकले आणि मग घसरण लागली. ती थोपवण्यासाठी सॅन डिएगोकडून जेम्स शील्ड्स हा चौतिशीतला पिचर, म्हणजे गोलंदाज, आणला. बदल्यात एक गोलंदाज दिला आणि त्याच्या जोडीला सतरा वर्षांचा एक शॉर्टस्टॉप. डोमिनिकन प्रजासत्ताकात सॅन पेद्रो दे माकोरीस म्हणून गाव आहे. ऊस आणि शॉर्टस्टॉप या दोन पिकांसाठी ते प्रसिद्ध. तिथला हा फर्नांडो तातीस धाकटा. थोरल्या तातीसने १९९९ साली एकाच डावात दोन ‘ग्रँड स्लॅम’ मारले होते. तिन्ही थांबे भरलेले असताना मारलेला हा षटकार एका डावात दोनदा दुसऱ्या कोणालाही साधलेला नाही.

“बापाचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं,” दाजी म्हणाले, “पण पोराला एकदा तरी खेळताना बघायचं! अमेरिकेत एकही व्यावसायिक सामना न खेळलेलं पोर आम्ही देऊन टाकलं.”

शील्ड्सने त्या मोसमात व्हाइट सॉक्ससाठी चार सामने जिंकले, बारा हरले, आणि संघाचा हिशेब ७८ विजय, ८४ पराभव असा मिटला. तातीसने २०२१ साली ४२ होमरन मारून आपल्या लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला. त्याच वर्षी सॅन डिएगोने त्याच्याशी चौदा वर्षांचा करार केला, चौतीस कोटी डॉलरचा.

भाचा हसू लागला तसे दाजी उसळले. “हसतोस काय? तुम्हीही त्याच उन्हाळ्यात तेच केलंत!”

खरेच होते. २५ जुलै २०१६ रोजी कब्सने न्यूयॉर्कच्या यांकी संघाला चार खेळाडू दिले. त्यांत एकोणीस वर्षांचा व्हेनेझुएलाचा शॉर्टस्टॉप ग्लेबर टोरेस होता. बदल्यात मिळाला अरोल्डिस चॅपमन, ताशी १०५ मैल वेगाने चेंडू फेकून दाखवलेला क्यूबाचा गोलंदाज. शेवटच्या डावात येऊन सामना मिटवून टाकणे हे त्याचे काम. मोसम संपताच त्याचा करार संपणार होता, म्हणजे तो खरोखर चार महिन्यांचा पाहुणा.

पण कब्सची गरज साधी नव्हती. १९०८ नंतर त्यांनी विश्वमालिका जिंकली नव्हती. एकशे आठ वर्षे! बेसबॉलच्या चेंडूवर एकशे आठ दुहेरी टाके असतात, आणि आपल्या जपमाळेत मणीही तितकेच. भाविकांनी त्यात अर्थ शोधला असल्यास नवल नाही. संघ त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर होता. शॉर्टस्टॉपच्या जागी बावीस वर्षांचा ॲडिसन रसेल होता, जोडीला हावियर बाएझ होता. टोरेसला उभे राहायला जागाच नव्हती. या साली नाही तर मग कोणत्या साली, असा तो विचार होता.

भाच्याचे म्हणणे नेमके याच्या उलट. “मामा, रसेल आहे म्हणून टोरेस दिला. २०१९ च्या अखेरीला रसेललाही सोडून दिलं. आणि त्याच वर्षी टोरेसने न्यूयॉर्कसाठी ३८ होमरन मारले. चॅपमन तर त्याच हिवाळ्यात यांकींकडे परत गेला, पाच वर्षांसाठी, आठ कोटी साठ लाख डॉलरवर. म्हणजे त्यांनी गाय चार महिने उसनी दिली, वासरू ठेवून घेतलं, आणि गायही परत नेली!”

उपमा ऐकून मराठीचा मास्तर म्हणून मला भरून आले. पण शेजारचे गृहस्थ हसले नाहीत.

“पोरा, ती मालिका तू अकराव्या वर्षी पाहिलीस,” ते म्हणाले. “माझ्या वडिलांनी ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत वाट पाहिली आणि न पाहता गेले.”

मग त्यांनी ती मालिका सांगितली. क्लीव्हलँडविरुद्ध कब्स १–३ असे मागे पडलेले. पाचव्या सामन्यात चॅपमनने आठ गडी बाद केले आणि सामना ३–२ ने राखला. सहाव्या सामन्यात भरपूर आघाडी असतानाही त्याला राबवले. सातव्या सामन्यात आठव्या डावात तो आला तेव्हा आघाडी ६–३ होती आणि दोन गडी बाद होते. पण हात थकला होता. एका फटक्यावर एक धाव गेली, पुढच्याला राजाई डेव्हिसने होमरन मारला, आणि ६–६! नऊ डाव बरोबरीत संपले. पाऊस आला, सतरा मिनिटे खेळ थांबला. दहाव्या डावात कब्सने दोन धावा काढल्या, क्लीव्हलँडला एकच काढता आली. ८–७. गंमत अशी, की बेसबॉलच्या नियमाप्रमाणे तो विजय नोंदला गेला चॅपमनच्याच नावावर.

“त्या दिवसांत लोक रिगली फील्डच्या विटांच्या भिंतींवर खडूने नावं लिहीत होते,” गृहस्थ म्हणाले. “जे बघायला राहिले नाहीत त्यांची. मीही वडिलांचं लिहिलं. आता मला सांगा, त्या पोराची किंमत जास्त झाली का?”

कोणी बोलले नाही. मग ताई, जी इतका वेळ कपबशा गोळा करीत होती, ती म्हणाली, “पण त्या चॅपमनवर बंदी होती ना? ती कशासाठी होती तेही प्रोफेसरांना सांगा की.”

सांगावे लागले. घरगुती हिंसाचाराविषयी बेसबॉलचे जे नियम आहेत त्यांखाली २०१६ च्या मोसमाच्या आरंभी चॅपमनवर तीस सामन्यांची बंदी होती. न्यायालयात खटला उभा राहिला नाही; पण बंदी झाली ती झाली. शिकागोतल्या कितीतरी चाहत्यांना त्याला आणलेले रुचले नव्हते. त्यांची तक्रार टोरेसला दिल्याची नव्हतीच. घरी कोणाला आणले, याची होती.

“आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात?” ताईने विचारले.

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. “वाजवल्या,” तो म्हणाला. “तेव्हा हात जड झाले होते, असं आज सांगणं सोपं आहे. झाले नव्हते. नंतर झाले.”

मला त्या माणसाचा आदर वाटला.

दाजींनी विषय पुन्हा आकड्यांवर आणला. ते म्हणाले, “काही म्हणा, रोप उपटून विकू नये. थोडी कळ काढली असती तर आज तातीस इथे असता.”

“दाजी,” मी म्हणालो, “तोच तातीस इथे असता का?” कारण त्याच्या कहाणीला पुढचे प्रकरण आहे. २०२२ साली निषिद्ध द्रव्याच्या चाचणीत सापडल्यामुळे त्याच्यावर ८० सामन्यांची बंदी आली. परतला तो शॉर्टस्टॉप म्हणून नव्हे. त्याला दूर उजवीकडे सीमेजवळ उभे केले, आणि पहिल्याच मोसमात तिथल्या क्षेत्ररक्षणाचे मानाचे पारितोषिक त्याने घेतले. टोरेसचेही तेच. न्यूयॉर्कने त्याला शॉर्टस्टॉपची जागा दिली, ती निभली नाही, आणि २०२१ मध्ये तो दुसऱ्या थांब्यावर गेला. २०२५ च्या जुलैत ऑल-स्टार सामन्यात तो उतरला तो डेट्रॉइटच्या वतीने आणि दुसऱ्या थांब्यावरच. ज्या जागेच्या नावाने हे भांडण, ती जागा दोघांनीही सोडली आहे.

दाजी काही बोलायच्या आत ताईच म्हणाली, “तुमच्या वडिलांनी नाशिककडचा दोन एकरांचा मळा विकला, तुमच्या इथल्या शिक्षणासाठी. धाकटे भाऊजी अजून फोनवर आजचा भाव सांगतात. चुकलं का मामंजींचं?”

दाजी बराच वेळ पायरीकडे पाहत राहिले. “त्यांना ठाऊक होतं कशासाठी विकतोय ते,” ते हळूच म्हणाले. “आमच्या व्हाइट सॉक्सला ठाऊक नव्हतं.”

त्या संध्याकाळी मला पटलेले सर्वांत नेमके उत्तर हेच. गेली वीस वर्षे मी उत्तरपत्रिका तपासतो आहे. निकाल आधी पाहून मग पेपर तपासायचा नसतो. टोरेस पुढे काय झाला, तातीस पुढे काय झाला, हा निकाल. देणाऱ्याने त्या दिवशी काय पाहिले, हा पेपर. कब्सला आपण काय देतो, काय घेतो आणि कशासाठी, हे तिन्ही ठाऊक होते. व्हाइट सॉक्सने गळके छप्पर झाकायला बियाण्याचे पोते उसवले. एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात, दोन कोवळी पोरे गेली. एक व्यवहार शहाणपणाचा म्हणता येतो, दुसरा येत नाही. मात्र शहाणपणाच्या व्यवहारातही एक रक्कम अशी राहते, जी खतावणीत मांडता येत नाही. ताईने तेवढीच विचारली होती.

निघण्याच्या आधीच्या रविवारी त्या वृद्ध गृहस्थांनी मला रिगली फील्ड दाखवायला नेले. आतले सामन्याचे ओरडणे बाहेर ऐकू येत होते. त्यांनी आत जाण्याची घाई केली नाही. रस्त्याच्या कडेने भिंतीजवळून चालत ते एका जागी थांबले आणि कमरेइतक्या उंचीवरच्या एका विटेला हात लावला. तिच्यावर आता काही नव्हते. खडू पावसाने केव्हाच धुऊन नेला होता.

“इथे होतं,” ते म्हणाले.

मग खिशातून दोन तिकिटे काढून ते दाराकडे वळले.